पदक खरं निघाल्याची हकिकत

विश्रांतवाडी, पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय भीमरावदादा यांस,

धाकटी बहीण श्यामला हिचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सर्व ठीक. म्हणजे मी ठीक आहे, पायल हिंजवडीच्या ऑफिसात ठीक आहे असं ती स्वतः सांगते, आणि पायलचे पप्पा ठीक आहेत की नाहीत हाच या पत्राचा निम्मा विषय आहे. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. वहिनी म्हणाल्या की वाशीमला कोणी नवा वैद्य आला आहे आणि त्याच्या तेलाने तुम्हाला आराम पडला. आराम पडला असेल तर आनंदच आहे, पण दादा, ज्याच्या दुकानाला पाटी नाही आणि जो बाटलीवर लेबल लावत नाही, त्या माणसाला मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. तिकडे आले की विचारीन. तोवर तेल गुडघ्यालाच लावा, पोटात घ्यायला सांगितलं तर घेऊ नका. राधावहिनींची साखर किती निघाली तेही लिहा, आणि त्यांनी तोंडी सांगितलेला आकडा लिहू नका, रिपोर्ट बघून लिहा.

तुम्ही सगळी नोकरी पोस्टात काढलीत, तेव्हा फोन असताना पत्र कशाला असं तुम्ही तरी विचारणार नाही. पण वहिनी विचारतील, म्हणून सांगते. फोनवर तुम्ही दोन वाक्यं ऐकता आणि फोन त्यांच्या हातात देता, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट दिवे लागायच्या आत सगळ्या आळीत पोचलेली असते. (वहिनी हे वाचत असतील तर हे दुसऱ्या कोणाबद्दल आहे.) मला पदक मिळाल्याचं तुम्हाला कळलंच आहे, तुम्ही फोनवर शाबास म्हणालात, वहिनी रडल्या. त्या वेळी मी फार बोलले नाही, आणि पदकाने माझा आवाज बसला असा तुमचा समज झाला असं पायल म्हणाली. तसं काही नव्हतं. प्रकरण अजून तपासावर होतं, आणि तपास चालू असताना मी बोलत नाही. आता तो बहुतेक संपला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मेअखेर निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता आराम करा. आराम कसा करतात हे मला कोणी दाखवलं नाही. उभी नोकरी साध्या वेशात बसमध्ये उभं राहून पाकीटमार पकडण्यात गेली. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय अशी जाता जात नाही. भाजीवाला वजन करतो तेव्हा मी त्याची करंगळी बघते. पायलला बघायला म्हणून जे स्थळ आलं होतं त्या मुलाचे मी सबंध वेळ हातच बघितले, आणि तो गेल्यावर त्याचा चेहरा कसा होता हे मला आठवेना. (स्थळ जमलं नाही. पायल अजून त्यावर बोलते.) असो. तर सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथराव यांनी मला जानेवारीत विनंती केली की फोनवरून फसवणूक होते त्याबद्दल सभासदांना चार शब्द सांगा. मी दीड तास सांगितलं. त्याचं सार एवढंच होतं की सरकारी कचेरीतून कधीही, कोणालाही, काहीही द्यायला फोन येत नाही. जो गोड बोलतो, आधार क्रमांक मागतो आणि कोणाला सांगू नका म्हणतो तो चोर, हे तिथल्या आजीआजोबांनी माझ्याबरोबर तीन वेळा म्हटलं. टाळ्या चांगल्या पडल्या.

आणि पंचवीस जानेवारीच्या सकाळी मी मेथी निवडत असताना मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"श्यामला मॅडम का? नमस्कार. मुख्यालयातून बोलतोय. आपलं अभिनंदन, आपल्याला पोलीस पदक जाहीर होतंय."

दादा, आवाज गोड होता.

मी विचारलं, "कुठलं पदक?"

"गुणवत्तापूर्ण सेवेसाठीचं, मॅडम. राष्ट्रपतींकडून. माहिती जुळवून घ्यायची आहे. आधारवर आपलं नाव कसं आहे ते सांगता का? आणि एक फोटो लागेल. आणि मॅडम, संध्याकाळी अधिकृत घोषणा होईल, तोपर्यंत कृपया कोणाला सांगू नका."

तिन्ही गोष्टी एका दमात. माझं भाषण कोणीतरी रेकॉर्ड करून त्या टोळीला पाठवलं असावं असाच मला पहिला संशय आला. मी फोन आपटला नाही. पकडायचा असेल त्याला हात घालू द्यावा लागतो, हे मी सगळ्या नव्या मुलींना शिकवलेलं आहे. मी आवाज म्हातारा केला (फारसा करावा लागला नाही) आणि म्हटलं, बाबा, मला मोबाइलातलं काही कळत नाही, घरी येऊन माहिती घेऊन जाल का. माझी खात्री होती की तो आता फोन ठेवणार. तो म्हणाला, "येतो ना मॅडम. तीनपर्यंत पोचतो." तेव्हा मात्र मी मेथी बाजूला ठेवली. सरकारी माणूस घरी यायला एका शब्दात तयार झाला, म्हणजे टोळी मोठी होती.

पायलच्या पप्पांना मी सगळं समजावलं. कारखान्यात नोकरी केलेला माणूस, सरळ. ते म्हणाले, "अगं पण मिळालं असेल तर?" मी म्हटलं, मला कोण देणार आहे? ते म्हणाले, "का नाही देणार?" असल्या प्रश्नांना वेळ नव्हता. मी त्यांना एवढंच सांगितलं की त्याच्याशी गोड बोला, त्याला बोलण्यात गुंतवा आणि कशावरही सही करू नका.

तो बरोबर तीनला आला. हा आणखी एक मुद्दा. अंगात साधे कपडे, तिशीच्या आतला, नाव म्हणे उपनिरीक्षक विश्वजीत. ओळखपत्र दाखवलं, त्यावरच्या फोटोत मिशी होती, समोर मिशी नव्हती. खुर्चीवर बसला तो दाराकडे पाठ करून, आणि पोलीस कधी दाराकडे पाठ करून बसत नाही. चहा घेणार का विचारलं तर नको म्हणाला. दादा, माझ्या अख्ख्या नोकरीत चहाला नको म्हणणारा पोलीस मी पाहिलेला नाही. हात मात्र स्वच्छ होते आणि जागच्या जागी होते, तेवढ्यावरून मी घोटाळ्यात पडले. म्हणून मी कायद्यावर आले. सहज विचारल्यासारखं विचारलं, की काय हो, चोरीला कलम कुठलं लावता आजकाल? पाकीटमाराला तीनशे एकोणऐंशी लावून लावून माझी बोटं झिजली आहेत, झोपेत विचारा. हा पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "तीनशे तीन, मॅडम."

झालं. मी साखर आणते म्हणून उठले, बाहेर आले आणि दाराला बाहेरून कडी घातली. (पायलचे पप्पा आत राहिले हे माझ्या नंतर लक्षात आलं. कारवाईत असं होतं.) खाली पार्किंगमध्ये जाऊन चौकीला फोन लावला, की तोतया पोलीस पकडून ठेवला आहे, माणसं पाठवा. मी स्वतः जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. आतून आरडाओरडा होईल, दार ठोठावतील अशी माझी अपेक्षा होती. काहीच आवाज नव्हता. उलट मध्येच पायलच्या पप्पांचं हसणं ऐकू आलं, आणि मला वाटलं की यांना फितवलं. एवढ्यात रंगनाथराव खाली आले आणि काय झालं विचारू लागले. मी त्यांना सांगितलं की आपल्या व्याख्यानाचं प्रात्यक्षिक चालू आहे. ते धावत वर जाऊन स्वतःच्या दाराला आतून कडी घालून बसले.

मोटरसायकलवरून चौकीचे दोन गस्ती मार्शल आले. मी कडी काढली आणि त्यांना पुढे केलं. आत टेबलावर चिवडा, लाडू आणि आमचा फोटोंचा अल्बम पसरलेला होता आणि तो विश्वजीत माझा प्रशिक्षणातला, दोन वेण्यांचा फोटो हातात धरून बघत होता. दोघा मार्शलांतल्या थोरल्याने आत एक पाऊल टाकलं आणि टाचा जुळवून असा सलाम ठोकला की शोकेसमधल्या कपबश्या वाजल्या.

मी त्याला हळूच विचारलं, "ओळखतोस तू यांना?"

तो पुतळ्यासारखा समोर बघत ओठ न हलवता म्हणाला, "मॅडम, आमच्या रजा साहेबच मंजूर करतात."

मग मला आठवलं. मी मेअखेर निवृत्त झाले आणि जुलैपासून नवा कायदा आला. चोरीचं कलम आता तीनशे तीन. वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण हाडात गेलेलं नव्हतं. दादा, त्या मुलाने काहीही केलं असतं तरी मी काही बोलू शकले नसते. त्याने वर कळवलं असतं की पदकाची मानकरी बाई सरकारी अधिकाऱ्याला कोंडून ठेवते, तर घोषणा व्हायच्या आधीच सगळं गुंडाळलं गेलं असतं आणि मला पेन्शनीच्या वयात चौकशीला जावं लागलं असतं. मी तिथे उभी राहून त्याच्या हातांकडे बघत राहिले. त्याने फोटो अल्बममध्ये नीट सरकवला, रुमालाने लाडवाचं तूप पुसलं आणि खिशातून पेन काढलं.

"मॅडम, शिफारशीत 'निवृत्तीच्या दिवसापर्यंत सतर्क' असं लिहिलंय," तो म्हणाला. "ते वाक्य जरा कमी पडतंय."

मी सॉरी म्हटलं. (मराठीत म्हणायला जीभ वळेना.) मग त्याने चहा मागितला. मघाशी नको का म्हणालात असं विचारलं, तर म्हणाला, आपण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता त्यात चहात काय असेल सांगता येत नव्हतं. मुलगा हुशार आहे, खात्यात टिकेल.

संध्याकाळी टीव्हीवर यादी आली. खाली सरकणाऱ्या पट्टीत माझं नाव आलं, 'शामला' असं, य न जोडता. पायल ओरडली, तिने मला मिठी मारली, "आई, यू आर टू मच" वगैरे म्हणाली. पायलचे पप्पा देवळातल्यासारखे (आपण जात नाही, पण लोक बसतात तसे) हात जुळवून टीव्हीसमोर बसले होते. मी आत जाऊन विश्वजीतला फोन लावला, की ही शामला दुसरी कोणी असू शकते. तो म्हणाला, "मॅडम, पुणे शहर दलात श्यामला रणपिसे नावाच्या दुसऱ्या कोणीही नाहीत आणि नव्हत्या. आपण हे विचारणार म्हणून मी आधीच तपासून ठेवलं होतं."

तरी मला झोप लागेना. तुम्हाला म्हणून सांगते. मला पदक खोटं निघायची भीती नव्हती. खोट्याशी माझा रोजचाच व्यवहार. भीती होती ती मी ते खरं मानलं आणि मग ते खोटं निघालं तर काय, याची. मोठमोठे साहेब मेडल लावून फिरतात ते ठीक आहे, त्यांनी मोठी कामं केली. मी काय केलं, तर गर्दीत उभी राहिले. कोणाचं लक्ष जाऊ नये हेच माझं काम होतं, आणि ते मी इतकं चांगलं केलं की खात्याचंही माझ्याकडे लक्ष नसणार अशी माझी पक्की समजूत होती. कोणीतरी बघत होतं हे कळल्यावर आनंद व्हायला हवा. मला आधी वाटलं, कोण बघत होतं आणि का.

पुढचे आठ दिवस सत्काराचे. रंगनाथराव, जे पार्किंगच्या भांडणापासून दोन वर्षं माझ्याशी सोसायटीच्या कामापुरतंच बोलत होते, ते गुच्छ घेऊन आले. मी गुच्छ हलवून बघितला. गेटवर फ्लेक्स लागला, त्यात माझ्या फोटोपेक्षा त्यांचा फोटो एक बोटभर मोठा होता, मग जीव भांड्यात पडला, कारण निदान हेतू तरी कळला. शेजारच्या सुशीलाबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या. त्यांचा हेतू अजून कळलेला नाही. पोळ्या चांगल्या होत्या.

आता पायलच्या पप्पांबद्दल. फेब्रुवारी लागला आणि हा माणूस बदलला. जेवण झालं की आडवं व्हायचं हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. तो मोडला. एक दिवस जेवून उठले आणि जरा पाय मोकळे करून येतो म्हणाले. पाय मोकळे करायला कोणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही. दुसऱ्या दिवशी गॅलरीत जाऊन फोनवर हळू बोलत होते आणि मी आले की, "हो हो, दूध दोन लिटर," असं म्हणून फोन ठेवला. दूध आम्ही एक लिटर घेतो. माझ्या कपाटाची किल्ली जागेवर होती पण तिचं तोंड उलट्या बाजूला होतं. पायलला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, प्लीज, पप्पा आहेत ते, सस्पेक्ट नाहीत." मी तिला सांगितलं की मी आजवर जेवढे धरले ते सगळे कोणाचे ना कोणाचे पप्पाच होते. ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत निघून गेली.

दादा, मी तुमच्यापाशी लपवत नाही, माझ्या मनात काय काय आलं. निवृत्त माणसाला वेळ असतो, मोबाइल असतो, आणि मी घरात असून घरात नसते हे मला कळतं. इतकी वर्षं मी सणावाराला बंदोबस्तात आणि हे पोळ्या लाटून पायलची वेणी घालत. पदकाने डोक्यात हवा जाते म्हणतात, यांच्या मनात उलट काही आलं असेल, बायको मोठी झाली, आपण कोण, असं. मी दोन रात्री त्यांच्या घोरण्याचा अर्थ लावत पडले होते. सरळ विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. मला विचारता येतं ते फक्त आरोपीला.

म्हणून परवा ते पिशवी घेऊन बाहेर पडले, तशी मीही निघाले. पुण्यासारखं पाठलागाला सोयीचं शहर नाही. इथे बायका उन्हासाठी म्हणून तोंडाला असा स्कार्फ गुंडाळतात की फक्त डोळे दिसतात, आणि कोणी दरोडेखोर म्हणून बघत नाही. मी पायलचा स्कार्फ बांधला, काळा चष्मा लावला, तिचंच जॅकेट चढवलं आणि स्टॉपवर त्यांच्या मागे चौघं सोडून उभी राहिले. ते खडकीच्या बसमध्ये चढले. मी मागून चढले. बस भरलेली. ते मधोमध उभे, एका हाताने दांडा धरलेला आणि खांद्याला कापडी पिशवी, आणि दुसरा हात त्या पिशवीवर असा ठेवलेला की आत तान्हं मूल झोपलं असावं. मी त्या हाताकडेच बघत होते. आणि त्या हाताच्या खाली मला दुसरा हात दिसला.

बारीक, सुकलेला, दोन बोटं जुळवलेली. पिशवीच्या तळाशी. मालक चांगला चौकड्यांच्या शर्टातला, नाकासमोर बघत उभा. दादा, मी त्या वेळी नवऱ्याचा पाठलाग करणारी बायको होते आणि माझं काम गुपचूप उभं राहणं होतं. पण हाताला ते कोण सांगणार? माझा हात आपोआप गेला आणि मी मनगट धरलं. त्याच क्षणी ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मनगट तेलकट होतं, निसटलं, आणि माझ्या मुठीत राहिला तो पिशवीचा बंद. पायलच्या पप्पांनी वळून बघितलं. त्यांना काय दिसलं, तर तोंड बांधलेली एक बाई त्यांची पिशवी ओढते आहे.

"अहो बाई, सोडा," ते म्हणाले.

बोलले तर आवाज ओळखतील, म्हणून मी गप्प. आणि बंदात बोट अडकल्यामुळे सोडताही येईना. ते दुसऱ्या बाजूने ओढू लागले. पिशवीचं तोंड उघडलं आणि आतून खाकी बाही बाहेर आली. माझी बाही. खांद्याजवळ मी स्वतः रफू केलेली.

"पाकीट हवं असेल तर घ्या, मागच्या खिशात आहे," ते म्हणाले. दादा, या माणसाचा आवाज चढलेला मी संसारात ऐकला नव्हता, तो अख्ख्या बसने ऐकला. "पण या पिशवीला हात लावू नका. माझ्या बायकोची वर्दी आहे ही. राष्ट्रपतींचं पदक मिळालंय तिला. वर्दी आता तिला होत नाही, पण तसं म्हटलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून मी शिंप्याकडे सैल करून घ्यायला चाललोय. तिला ठाऊकसुद्धा नाही. सोडा म्हणतो ना."

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. खिडकीतल्या एका आजीबाईंनी मला विचारलं की पोलिसाची वर्दी चोरताना लाज नाही का वाटली. एका कॉलेजच्या मुलीने माझा फोटो काढला. (स्कार्फ होता म्हणून वाचले.) कंडक्टरने घंटी मारली आणि मला होळकर पुलाच्या अलीकडे खाली उतरवलं. माझ्या मागोमाग तो चौकड्यांचा शर्टही उतरला, त्याचं तिथे काही राहिलं नव्हतं. तो समोरून शांतपणे निघून गेला, आणि जाताना त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, एका धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याला हलवावी तशी. त्याला मी धरू शकले असते. पण चष्म्यावर धुकं आलं होतं आणि स्कार्फ ओला झाला होता. यंदा उन्हाळा लवकर लागला आहे, घाम फार येतो.

मी रिक्षाने घरी आले आणि चहाचं आधण ठेवलं. ते संध्याकाळी आले, पिशवी आत कपाटात गेली, किल्लीचा आवाज झाला, मी भांडी वाजवली. मग चहा पिताना त्यांनीच विषय काढला, की बसमध्ये आज एका स्कार्फवाल्या बाईने धरलं होतं. मी विचारलं, काय होतं पिशवीत? म्हणाले, "जुने पेपर." मग म्हणाले, तुझ्या भाषणात या बायकांचंही घाल, त्यांची टोळी असावी, एक बाई धरते आणि दुसरा पळतो. पकड मात्र चांगली होती म्हणाले. मग बशीत चहा ओतता ओतता माझ्याकडे बघत म्हणाले, "डोळ्यांना काळा चष्मा होता, पण उभं राहायची पद्धत कुठेतरी बघितल्यासारखी वाटली." आणि फुंकर मारून चहा प्यायला लागले. त्यांनी मला बसमध्येच ओळखलं होतं का, आणि ओळखून ते सगळं बोलले का, याचा तपास अजून चालू आहे. तसं असलं तर मला राग यायला हवा. तो अजून आलेला नाही.

काल मी सगळे बाहेर असताना दार लावून वर्दी अंगावर घालून बघितली. छान बसते. शिंप्याने काम चांगलं केलं आहे, हे मान्य करते.

समारंभाची तारीख कळलेली नाही. तारीख कळली की कळवीन. बाकी मला कोणाकडून काही अपेक्षा नाही, मी माझं काम केलं, त्यांनी त्यांचं केलं, विषय संपला. वहिनींना जयभीम. प्रकृतीला जपावं.

आपली धाकटी बहीण,
श्यामला

ता. क. पायलच्या पप्पांशी फोनवर बोललात तर बस, स्कार्फ आणि वर्दी यातलं काहीही तुमच्या तोंडून निघू नये. वहिनींच्या तोंडून निघणार हे मी धरून चालले आहे, पण निदान आधी मला कळवा.

ता. क. २. वहिनी म्हणत होत्या की गावातली मंडळी माझ्या अभिनंदनाचा बोर्ड लावायचं म्हणतात. त्यांना सांगा की असलं काही नको. मला प्रसिद्धी मुळीच आवडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

ता. क. ३. अगदीच ऐकत नसतील तर लोकांचा उत्साह मोडू नये. फोटो वर्दीतला घ्यायला सांगा, पायलने वहिनींच्या मोबाइलवर पाठवला आहे. 'श्यामला'तला य जोडायला सांगा. आणि जागेचं म्हणाल तर चौकात नको, तिथे कोण बघतं. रावसाहेबांच्या घरासमोर विजेचा खांब आहे, दार उघडलं की थेट समोर येतो. तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. मी भरती झाले त्या वर्षी हेच रावसाहेब मला बघायला आले होते. आपल्या ओट्यावर बसून दोन बशा पोहे खाल्ले आणि जाताना तुम्हाला म्हणाले, की पोलिसातली बायको केली तर घराची चौकी होईल, आल्यागेल्याची उलटतपासणी आणि नवरा बाहेर पडला की मागे पाळत. बोर्ड बरोबर त्यांच्या दारासमोर लागेल असं बघा. या पत्राचं मुख्य काम खरं तर हेच होतं.

ता. क. ४. पाकीट बंद करण्याआधी पत्र पहिल्यापासून एकदा वाचून काढलं. रावसाहेब जे म्हणाले होते त्यात चुकीचं असं काही दिसत नाही. तरी बोर्ड तिथेच लावा, आणि जरा मोठा करा.